नऊशे फुटांवरची खुर्ची

१७ मार्च १९५३. पहाटेचे पाच वाजून गेले आहेत. लास वेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावरच्या ‘स्काय रूम’ नावाच्या काचेच्या दालनात तुम्ही उभे आहात. तिसरा मजला म्हणजे काय मोठी उंची, असं मनात आणू नका. या घडीला स्ट्रिपवर, म्हणजे इथल्या हॉटेलं-कॅसिनोंच्या रस्त्यावर, पर्यटकाला जाऊन बसता येईल अशी याहून उंच जागा नाही. बाहेर काळोख आहे. रात्रभर पत्ते कुटून डोळे तांबारलेले लोक हातात ग्लास घेऊन वायव्येकडच्या काचेशी दाटीवाटीने थांबलेत. एका बाईने उंच टाचांचे बूट काढून काखेत धरले आहेत. कुणी फार बोलत नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी डोंगरांच्या पाठीमागे उजेड होतो. सूर्य त्या दिशेला उगवत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. क्षणभर अख्खं वाळवंट पांढरंफटक पडतं. पुढच्या माणसाच्या कानाची कड, टेबलावरच्या राखदाणीतलं थोटूक, काचेवरचे बोटांचे ठसे, सगळं लख्ख दिसतं. आवाज मात्र काहीच नाही. उजेड विझतो आणि लोक घड्याळ बघू लागतात, कारण आवाजाला शंभरावर किलोमीटरचं अंतर कापून यायचं आहे. पाचेक मिनिटांनी तो येतो. आधी काचा थरथरतात, मग पायाखालून घरघर निघून जाते.

हा ‘ॲनी’ नावाचा सोळा किलोटनांचा अणुस्फोट. नेवाडाच्या चाचणी केंद्रात युक्का फ्लॅटवर मुद्दाम बांधलेल्या दोन लाकडी घरांत कपडे चढवलेले पुतळे बसवले होते. स्फोटाच्या जागेपासून साडेतीन हजार फुटांवरचं घर बघता बघता जमीनदोस्त झालं. अमेरिकाभर दूरचित्रवाणीवर हे थेट दाखवलं गेलं. लास वेगासची हॉटेलं तर स्फोटाच्या वेळा बघून पाहुण्यांना गच्चीवर बोलवत होती. शेजारच्या युटा राज्यात, वाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्या माणसांच्या अंगावर ती धूळ बसणार आहे आणि त्यांच्या घरांत पुढे कर्करोग शिरणार आहे, हे या दालनात कुणालाच माहीत नाही. त्यांना फक्त एवढं कळतं की उंचावर उभं राहून भयंकर काहीतरी बघायला मिळालं, आणि आपण सुखरूप आहोत. या शहराला उंचीचं वेड लागलं त्याचं मूळ मला याच पहाटेत दिसतं. म्हणून आधी तुम्हाला इथे आणलं. आता ग्लास खाली ठेवा आणि उत्तरेकडे चालायला लागा. दोन-अडीच किलोमीटर. रस्ता तोच राहील, साल बदलत जाईल.

१९८९ चा जानेवारी. रस्त्याच्या या टोकाला वस्ती विरळ आहे. मोठी नावाजलेली हॉटेलं मागे दक्षिणेला राहिली, पर्यटकांचे पाय इथवर सहसा पोचत नाहीत. समोर आहे ‘व्हेगास वर्ल्ड’, १९७९ साली उघडलेला, अंतराळाच्या कल्पनेवर सजवलेला कॅसिनो. मालक बॉब स्टुपॅक. पिट्सबर्गचा, जुगाऱ्याचाच मुलगा. १९७४ मध्ये याने इथे काढलेला पहिला कॅसिनो दोन महिन्यांच्या आत जळून खाक झाला होता. हा पुन्हा उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी महापौरपदाची निवडणूक लढवून हरला. आणि आज त्याने सुपर बोलवर, अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यावर, एका दमात दहा लाख डॉलर लावले आहेत, सिनसिनाटीच्या बाजूने. सिनसिनाटी २० विरुद्ध १६ असा सामना हरते. पण पैज सात गुणांच्या सवलतीची होती, त्यामुळे संघ हरला तरी स्टुपॅक जिंकतो. हा माणूस नीट बघून ठेवा. मोठा आवाज, झकपक कपडे, आणि हिशोब पक्का.

त्याची अडचण एकच: गिऱ्हाईक इतक्या लांब येत नाही. त्यावर त्याचं उत्तर होतं आपल्या कॅसिनोची हजार फुटांची पाटी. नुसत्या पाटीचा मनोरा झाला, मनोऱ्याच्या माथ्यावर गॅलरी आली, गॅलरीवर फिरतं उपाहारगृह. नंतर त्याला तो टोरांटोच्या सीएन टॉवरहूनही उंच करायचा होता. विमानतळ जवळ असल्याने हवाई वाहतूक खात्याने हरकत घेतली, आणि उंची १,१४९ फुटांवर ठरली. म्हणजे साडेतीनशे मीटर. अमेरिकेत एवढा उंच प्रेक्षणीय मनोरा दुसरा कुठेही नव्हता, आजही नाही.

पुढे चला. २९ ऑगस्ट १९९३, मध्यरात्र नुकतीच उलटली आहे. मान वर करा. तीन पायांवर उभा राहत असलेला काँक्रीटचा खांब ५१० फुटांवर पोचला आहे आणि त्याचा शेंडा पेटला आहे. काँक्रीट ओतण्यासाठी बांधलेलं लाकूड जळतंय. ठिणग्या वाऱ्यावर तिरक्या होत रस्त्यावर येतात, डांबरावर आपटतात, उसळतात, विझतात. तुम्ही हात झटकता; एक ठिणगी बाहीवर बसली होती, तिथे मोहरीएवढं भोक पडलंय. अग्निशामक दलाच्या गाड्या खाली उभ्या आहेत, पण त्यांची कुठलीच शिडी तिथवर पोचण्यातली नाही. बघणारे बघत राहतात. पुन्हा एकदा या शहरात माणसं रात्रीची उंचावरच्या आगीकडे टक लावून उभी आहेत.

काम थांबतं, पुन्हा सुरू होतं. स्टुपॅकचा पैसा अपुरा पडतो. ग्रँड कॅसिनोज नावाची कंपनी भागीदार होते. मनोऱ्याच्या एका पायाला बाक आलाय, हा कलंडणार, अशी कुजबूज शहरभर फिरते. अभियंते सांगतात की त्याने मजबुतीला धक्का लागत नाही. १९९५ च्या मार्चअखेरीस स्टुपॅकच्या मोटरसायकलला भीषण अपघात होतो. चेहऱ्याची हाडं मोडतात, कित्येक आठवडे तो कोमात असतो. तो शुद्धीवर येतो तेव्हाही मनोऱ्याचं काम चालूच असतं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, इथून दीडएक किलोमीटरवर, हॉवर्ड ह्यूजेसने १९६९ मध्ये उघडलेलं ‘लँडमार्क’ हे हॉटेल सुरुंग लावून पाडतात. एके काळी नेवाडातली सगळ्यांत उंच इमारत होती ती. आता तिथे वाहनतळ होईल.

३० एप्रिल १९९६ ला मनोरा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ या नावाने उघडतो. त्या रात्रीच्या गर्दीत मी तुम्हाला नेत नाही. धक्काबुक्कीत काही दिसत नाही, आणि नव्या यंत्रांना रुळायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्याच वर्षीचा ऑक्टोबर घ्या. संध्याकाळचे साडेपाच. ऊन उतरलंय, हवेत किंचित गारवा आहे, वारा बेताचा आहे. वारा बेताचा असणं फार महत्त्वाचं. तो वाढला की वरचं सगळं बंद होतं.

लिफ्ट दुमजली आहे. एका वेळी दोन मजल्यांवरची माणसं आत घेते आणि मिनिटाला १,८०० फूट या वेगाने निघते. आतला कर्मचारी काहीतरी पाठ केलेलं बोलतोय, पण तुमचं लक्ष कानांकडे आहे. एकदा दडे बसतात, आवंढा गिळता, सुटतात. पुन्हा बसतात. अर्ध्या मिनिटात दार उघडतं ते १०८ व्या मजल्यावर. मधले मजले शोधू नका. मधे आहे तो निव्वळ काँक्रीटचा खांब, लिफ्टच्या वाटा आणि जिना. माथ्यावरच्या बारा मजल्यांच्या डोलाऱ्याला हे अंक उंचीच्या अंदाजाने दिले आहेत. दोन मजले खाली उपाहारगृह आहे. त्याची जमीन सव्वा तासाहून थोड्या जास्त वेळात एक पूर्ण चक्कर मारते, म्हणजे सूप येताना तुमच्या समोर डोंगर असतील आणि गोड येईपर्यंत विमानतळ. त्याखाली लग्नं लावण्यासाठी छोटी प्रार्थनागृहं आहेत. आठशे फुटांच्या वर, ढगांच्या वाटेत, आजही कुणीतरी ‘हो’ म्हणत असेल.

बाहेरच्या गॅलरीत या. लोखंडी कठडा थंड आहे. दक्षिणेला बघा, कारण हा देखावा याच वर्षापुरता आहे. पायाशी सहारा हॉटेल. पुढे पाण्याच्या खेळांची घसरगुंडी, रिव्हिएरा, सर्कस सर्कसचा गुलाबी घुमट, स्टारडस्टची लुकलुकती पाटी. त्यापलीकडे डेझर्ट इन, जिथून आपण निघालो. इथून ते हॉटेल तळहाताने झाकता येतं. त्याच्या पुढे सँड्सचा गोल मनोरा, काळोखात, दिवे मालवलेला. जूनअखेर तो बंद झाला आणि पुढच्या महिन्यात त्यालाही सुरुंग लावणार आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री पार टोकाच्या हासिएंडाची पाळी. ड्यून्स तीन वर्षांपूर्वीच गेलं, त्या खड्ड्यात आता बेलाजिओ उभारताहेत. टोकाला लक्सरच्या काळ्या पिरॅमिडमधून प्रकाशाचा झोत सरळ आकाशात घुसलाय. त्याच्या डावीकडे विमानं एकामागोमाग एक उतरताहेत, आणि ती तुमच्या नजरेच्या पातळीवर येतात. विमान डोळ्यासमोर आडवं जाताना बघणं, तेही पाय जमिनीवर असल्याच्या समजुतीत, हा अनुभव कुठलं यंत्र न लावता मिळतो. मी तुम्हाला सांगेन, घाई करू नका. दहा मिनिटं इथेच थांबा.

आता वर. मनोऱ्याच्या डोलाऱ्याला बाहेरून वेढा घालून रूळ टाकले आहेत: ‘हाय रोलर’, जमिनीपासून ९०९ फुटांवरचा, जगातला सगळ्यांत उंचावरचा रोलर कोस्टर. रुळांची लांबी ८६५ फूट. वेग बेताचा, उतार बेताचे. हाच कोस्टर जमिनीवर असता तर लहान मुलांच्या बागेत ठेवला असता. पण डबा वळताना बाहेरच्या बाजूला कलतो आणि तुमच्या खांद्याखाली काहीच उरत नाही. खाली रस्त्यावरच्या गाड्यांचे लाल दिवे. शेजारचा माणूस दोन्ही हात वर करून ओरडायला लागतो आणि अर्ध्यातच हात खाली घेऊन दांडी पकडतो. चाकांची खडखड दातांपर्यंत पोचते. उतरल्यावर काही लोक म्हणतात, फार हळू जातो. खरं आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर जागाच एवढी, आणि तिथे जास्त वजन, जास्त हादरे चालणार नाहीत. रोलर कोस्टरची मजा चढ-उतारांत असते, आणि चढ-उतारांना जागा लागते. ती इथे नाही. कल्पना भव्य होती; जागा चुकली होती, असं माझं मत आहे.

‘बिग शॉट’ची गोष्ट वेगळी.

डोलाऱ्याच्या छतावरून वर शिखराकडे एक पोलादी मस्तूल जातो. त्या मस्तुलाच्या चार बाजूंना चार-चार खुर्च्या, सगळ्यांची पाठ मस्तुलाला आणि तोंड बाहेर. बसण्याची जागा ९२१ फुटांवर. खिशातली नाणी, किल्ल्या, चष्मा, सगळं काढून ठेवायला लावतात, आणि ते बरोबरच आहे; इथून निसटलेलं नाणं खाली कुणाच्या तरी डोक्याशी जाऊन भेटेल. खांद्यांवरून जाड गादीची पकड खाली येते, छातीशी बसते. कर्मचारी मुलगी एकेकापाशी येऊन ती पकड दोन्ही हातांनी खाली, मग वर, जोर लावून हलवून बघते. तुमच्यापाशी आली की तिची नजर तुमच्या तोंडाकडे नसते, पकडीच्या कुलपाकडे असते. पट्टा ओढते, पुढे जाते. सोळा वेळा तेच. पाय मोकळे लोंबकळताहेत. डाव्या पायातली चप्पल सैल आहे असं वाटून तुम्ही बोटं आवळता.

समोर वाळवंट आहे, आणि त्याच्या कडेला चार्ल्सटन शिखराची रांग, तांबूस-जांभळी.

खुर्च्या किंचित उचलल्या जातात आणि थांबतात. हा घाबरवण्यासाठी केलेला खेळ वाटतो, पण यंत्राचं काम चालू आहे. सोळा माणसांचं एकूण वजन किती, याचा अंदाज ते घेतंय, म्हणजे टाक्यांतली दाबलेली हवा किती सोडायची ते ठरेल. युटातल्या एस अँड एस कंपनीचं हे तंत्र. मोटर खेचत नाही, साखळी ओढत नाही. दाबून भरलेली हवा एकदम मोकळी होते, दट्ट्या सरकतो, दोर ताणले जातात.

कुणी मोजत नाही. एक-दोन-तीन नाही.

पाठीतून, खालून, दोन्हीकडून एकाच वेळी धक्का येतो. हनुवटी छातीकडे ओढली जाते. तोंडून ‘आई गं’ निघतं, पण त्यातला ‘गं’ खालीच राहतो. तुमचं वजन चौपट झालंय. हात मांडीवर होते ते मांडीवरच खिळले. ताशी सत्तर किलोमीटरहून थोडा जास्त वेग, अडीच सेकंद, १६० फूट. मग माथ्यावर धक्का संपतो, आणि खुर्ची थांबत असतानाही शरीर वरच जात राहतं. बूड खुर्चीपासून सुटतं. पकड खांद्याला लागते. पोटातलं सगळं हलकं होऊन छातीशी येतं. जमिनीपासून १,०८१ फूट, आणि त्या एका क्षणाला तुम्हाला अजिबात वजन नाही. या क्षणी डोळे मिटले तर सगळं फुकट. उघडे ठेवा. मस्तूल तुमच्या पाठीमागे आहे, त्यामुळे नजरेच्या टप्प्यात या मनोऱ्याचा एकही तुकडा नाही. ना कठडा, ना छत. फक्त डोंगर, गाव, हवा आणि तुमचेच लोंबते पाय.

खाली येताना हवेची गादी झेलते, पुन्हा वर ढकलते. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा उठतो तोच हा, पण तिथे तो येणार हे आधी कळतं, इथे कळत नाही. दोन-तीन हेलकाव्यांनंतर खुर्ची जागेवर बसते. कर्मचारी मुलगी पकड उचलते. तुम्ही उभे राहता तेव्हा गुडघे ऐकत नाहीत. शेजारची आजी, सत्तरीच्या पुढची, केस सावरत हसते आणि विचारते, पुन्हा जायचं का?

इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हजार फूट खाली, याच इमारतीच्या तळाशी, शेकडो यंत्रं वाजताहेत आणि लोक त्यांत नाणी घालताहेत. तिथे माणूस आशा विकत घेतो. दीर्घकाळात काय ठरलेलं आहे ते गणिताने सांगता येतं, आणि ते त्याच्या बाजूचं नसतं. वर माणूस भीती विकत घेतो, आणि परत येणं ठरलेलं असतं. त्या मुलीने सोळा वेळा कुलूप हलवून पाहिलं, त्यात तुमचं परतणं होतं. १९५३ च्या त्या पहाटे काचेशी उभ्या असलेल्या लोकांसाठी असं कुलूप कुणीच तपासलं नव्हतं. ते जे बघत होते त्याला पकड नव्हती, दोर नव्हता, झेलायला हवेची गादी नव्हती. म्हणून मला बिग शॉट हे प्रामाणिक यंत्र वाटतं. ते जे वचन देतं ते पाळतं, आणि तरीही शरीराला ते वचन दर वेळी खोटं वाटतं. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत सगळा थरार आहे.

पैशाच्या हिशोबात मात्र मनोरा लवकरच कोलमडतो. स्टुपॅक १९९६ च्याच उन्हाळ्यात अध्यक्षपद सोडतो, जानेवारी १९९७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत जाते, पुढे गुंतवणूकदार कार्ल आयकानच्या हाती येते. हॉटेलची दुसरी इमारत कित्येक वर्षं अर्धवट सांगाड्याच्या रूपात उभी. जुन्या योजनाही हवेत विरल्या. एक होती मनोऱ्याच्या पायावरून चढणाऱ्या प्रचंड यांत्रिक गोरिलाची, पोटात माणसं घेऊन. दुसरी, मनोऱ्यावरून सुटून थेट रस्त्यापलीकडे जाणाऱ्या उंच कोस्टरची. ती शेजारच्या वस्तीने आणि महापौर ऑस्कर गुडमन यांनी होऊ दिली नाही. रात्री-अपरात्री डोक्यावर माणसं किंचाळत जाणार असतील तर झोपायचं कसं, हा त्या वस्तीचा प्रश्न मला पूर्ण रास्त वाटतो.

तरी लोक वर येतच राहिले. गाळात गेलेल्या कंपनीत चालणारी गोष्ट होती ती हीच: लिफ्ट, गॅलरी, मस्तूल. म्हणून नवे मालक माथ्यावर अजून यंत्रं चढवतात.

२००३ चा हॅलोविन, ३१ ऑक्टोबर. ‘एक्स-स्क्रीम’. आठ जणांचा उघडा डबा एका लांब रुळावर. रूळ सी-सॉच्या फळीगत खाली कलतो आणि डबा कड्याबाहेर २७ फूट सरकून थबकतो. तुमची नजर सरळ खाली, ८६६ फुटांवरच्या रस्त्यात. डबा पुन्हा निसटल्यासारखा दाखवतो, पुन्हा थांबतो. यात वेगाला फार महत्त्व नाही, थबकण्याला आहे. पुढच्या रांगेत बसलात तर तुमच्या आणि वाळवंटाच्या मधे केवळ गुडघ्यांवरची दांडी.

२००५ च्या मार्चमध्ये ‘इन्सॅनिटी’ येतं. पोलादी हात ६४ फूट बाहेर निघतो, त्याला दहा खुर्च्या टांगलेल्या, त्या गरगर फिरत बाहेर फेकल्या जातात आणि फिरता फिरता तुमचं तोंड जमिनीकडे वळवलं जातं. त्याच वसंतात या. वारा एकाएकी वाढतो. सुरक्षा यंत्रणा वाऱ्याचा जोर ओळखते आणि नेमून दिलेलं काम करते: सगळं जिथल्या तिथे थांबवते. दोन प्रवासी तासाहून जास्त वेळ तिथेच, मनोऱ्याच्या कडेबाहेर, खुर्चीत अडकून. तुम्ही काचेआडून बघताय. त्यांचे केस एका बाजूला ताणले गेलेत. एकीने दुसरीचा हात धरलाय की पकडीची दांडी, इथून नीट दिसत नाही. कर्मचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, पण हात घाईत नाहीत. अखेर पोलादी हात आत येतो, दोघी उतरतात, जमिनीवर बसतात. यंत्राने त्यांना घाबरवलं हे खरं. पण वारा अंगावर घेऊन फिरत राहायचं नाही हेही यंत्रानेच ठरवलं. उंचीवरच्या खेळात थांबण्याची अक्कल चालण्याच्या ताकदीहून जास्त मोलाची, हे त्या तासाभरात जितकं कळतं तितकं कुठल्याही माहितीपत्रकात कळत नाही.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला हाय रोलर शेवटचा फिरतो. तुम्ही मागच्या डब्यात बसा. रूळ तसेच खडखडताहेत. खालच्या अंधारात सँड्स नाही, हासिएंडा नाही, आणि डेझर्ट इनसुद्धा नाही. २००० साली ते बंद झालं, त्या जागी आता विन नावाचं तपकिरी वळणदार हॉटेल आहे. ‘स्काय रूम’ कुठे होती ते बोटाने दाखवणंही अवघड. (हाय रोलर हे नाव पुढे २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या ५५० फुटी चक्राला मिळालं. कुणी त्या नावाने आठवण सांगितली तर कोणता, हे विचारून घ्या.)

शेवटची उडी २०१० च्या एप्रिलमध्ये. ‘स्काय जंप’ नुकतंच उघडलंय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या स्काय टॉवरवर हा प्रकार काही वर्षांपूर्वी सुरू झाला होता, १९२ मीटरवरून. इथली उडी त्याहून बरीच उंच, आठशे फुटांच्या वरची. तुमच्या अंगात सलग शिवलेला पोशाख, त्यावर पट्टे, पाठीला दोर. वजन दोनदा करतात आणि तो आकडा हातावर लिहितात, दोघे वेगवेगळे कर्मचारी तो मोठ्याने वाचतात. पुन्हा तीच तपासणी: हुक ओढून बघणं, कडी फिरवून बघणं, दुसऱ्याने पहिल्याचं काम तपासणं.

दार उघडतं आणि वारा आत येतो. पुढे लोखंडी फळी. तिच्या टोकाला तुमच्या बुटांची टोकं.

समोरचं शहर आज आजारी आहे. मंदीने बांधकामं जिथल्या तिथे गोठली आहेत. स्टारडस्ट २००७ मध्ये पाडलं, त्या जागी अर्धवट सांगाडा. सहाराच्या पुढे निळ्या काचांचा फाँटेनब्लो, बाहेरून पुरा वाटणारा, आतून रिकामा. तो उघडायला २०२३ उजाडेल. बॉब स्टुपॅक गेल्या सप्टेंबरात वारला. जवळच्या गल्लीत त्याच्या वडिलांच्या नावाची बाग आहे, तिथे मुलं चेंडू खेळताहेत. इथून चेंडू दिसत नाही, पळणं दिसतं.

आणि इथे एक फरक आहे, जो या क्षणापर्यंत तुमच्या ध्यानात आला नसेल. आजवरच्या प्रत्येक यंत्रात तुम्ही बसलात आणि बाकीचं यंत्राने केलं. हवेने उडवलं, रुळाने कलवलं, पोलादी हाताने बाहेर काढलं. निर्णय रांगेत उभं राहताना घेतला होता, तो तिथेच संपला होता. इथे कुणी ढकलत नाही. कर्मचारी मोजतो, तीन, दोन, एक, आणि गप्प उभा राहतो. दोर पक्का आहे, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तरी टाच उचलायची ती तुम्हीच. मेंदू म्हणतो उचल. पाय म्हणतो नाही. या भांडणात किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागे रांगेतल्या एकानेही घाई केली नाही, कारण प्रत्येकाला आपली पाळी दिसतेय.

टाच उठते.

पहिल्या क्षणाला दोर ताणलेला नसतो. मग पट्टे मांड्यांत रुततात आणि पडणं एका वेगात बसतं, ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. तीन पायांपैकी एक पाय तुमच्या बाजूने वर धावतोय. दोन्हीकडे ताणलेल्या तारा भुंग्याच्या सुरात गुणगुणतात आणि तुम्हाला मनोऱ्यावर आपटू देत नाहीत. निळ्या काचा, सहाराचं छत, रस्त्यावरच्या बसचा माथा, झाडं, माणसांचे चेहरे. पंधराएक सेकंद. शेवटच्या काही फुटांत वेग आपोआप मरतो आणि पाय तळावर टेकतात, धावत्या बसमधून नीट उतरता येतं तेवढ्या धक्क्याने.

दोघे जण येऊन हुक सोडवतात. कठड्यापलीकडे जमलेले अनोळखी लोक टाळ्या वाजवताहेत, एक मुलगा आईला विचारतोय की किती वर्षांचा झालो की जाता येतं. तुम्ही पोशाख उतरवता, चष्मा परत घेता. तुमच्या मनगटाला दिवसभराचा पट्टा आहे. बिग शॉट रात्री उशिरापर्यंत चालू असतो, वारा पडलाय, आणि लिफ्टशी फारशी गर्दी दिसत नाही. निघा.